'आयएनजी'चा बागुलबुवा

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. विषय व्याकरणाचा आहे, पण म्हणून पळू नका. इंग्रजी व्याकरणाच्या नावाखाली आमच्या नगर जिल्ह्यातल्या पोरांचं जे काही चाललंय (२०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय, चालवून घ्या) त्याबद्दल मला बोलायचंय, आणि जरा चिडूनच बोलायचंय. नातेवाईकांपैकी ज्यांना हे आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटेल, त्यांना बरोबर वाटेल.

मुद्दा असा. इंग्रजीत काही क्रियापदं अशी आहेत की त्यांच्यामागून दुसरं क्रियापद आलं की त्याला आयएनजी लावावा लागतो. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड ही त्यातली ठळक मंडळी. काहींना टू लागतो: वाँट, होप, डिसाइड. आणि स्टॉप, रिमेंबर, ट्राय अशी काही द्वाड क्रियापदं दोन्ही चालवून घेतात, पण अर्थ फिरवतात. आता हे आपल्याकडे शिकवतात कसं? यादी देऊन. डावीकडे आयएनजीवाली, उजवीकडे टूवाली, करा पाठ. माझं म्हणणं आहे की मराठी मुलाला यातलं फारसं काही पाठ करायची गरज नाही. त्यामागचं बरंचसं व्याकरण तो घरूनच घेऊन येतो. आपण ते वर्गाच्या दारात त्याच्याकडून काढून घेतो, आणि वर त्याला इंग्रजी येत नाही म्हणून डोकं धरून बसतो.

माझी भाची जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमात शिकते. शाळेचं नाव सांगत नाही, तसल्या शाळा आता जागोजाग आहेत. वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की पाच रुपये दंड. दाजींचा दुधाचा धंदा, म्हणजे रोज पहाटे चारला उठून जे मिळतं त्यातून फी भरायची आणि पोरगी 'अगं बाई' म्हणाली की पाच रुपये वर. तर तिच्या वहीत मी ती यादी पाहिली. सेहेचाळीस क्रियापदं, दोन रकाने, खाली लाल शाईत 'लर्न बाय हार्ट'. तिने ती मला एका दमात म्हणून दाखवली, आपण पावकी-निमकी म्हणायचो तशी. मी विचारलं, "अगं, 'स्टॉप टॉकिंग' आणि 'स्टॉप टू टॉक' यात फरक काय?"

"मावशी, स्टॉप दोन्ही रकान्यांत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीही लिहिलं तरी मार्क कापत नाहीत."

यात तिची काय चूक? यादीत अर्थाला रकानाच नव्हता.

मग मी तिला मराठीत दोन वाक्यं सांगितली. पारावर म्हातारे गप्पा छाटतायत. तेवढ्यात समोरून गावचे सरपंच आले. पहिलं वाक्य: 'म्हातारे बोलायचे थांबले.' दुसरं: 'सरपंच बोलायला थांबले.' पहिल्यात गप्पा बंद पडल्या, दुसऱ्यात आता सुरू होणार. हे तिला समजावून सांगावं लागलं का? छे. ती हसायलाच लागली, की मावशी हे काय विचारतेस. दुसरीतलं पोरही यात चुकत नाही. म्हटलं, बाई, 'बोलायचे थांबले' म्हणजे तुझं स्टॉप्ड टॉकिंग आणि 'बोलायला थांबले' म्हणजे स्टॉप्ड टू टॉक. संपलं. दोन मिनिटं लागली, आणि दंड धरला तर साधारण साठ रुपयांचं मराठी खर्ची पडलं.

एवढ्यावरच थांबत नाही हे. रिमेंबर घ्या. 'कुलूप लावायचं लक्षात ठेव' आणि 'कुलूप लावल्याचं लक्षात आहे'. पहिल्यात कुलूप लागायचंय, दुसऱ्यात लागलेलं आहे. इंग्रजीत पहिल्याला टू लॉक, दुसऱ्याला लॉकिंग. फर्गेटचंही तेच. 'उसने पैसे द्यायला विसरले' म्हणजे पैसे अजून माझ्याकडेच आहेत, 'उसने पैसे दिल्याचं विसरले' म्हणजे गेले ते गेलेच आणि वर पुन्हा मागतायत. पैशाच्या बाबतीत हा फरक कुठल्याही मराठी माणसाला झोपेतसुद्धा कळतो! आणि ट्राय? हे तर मला फार आवडतं. 'खिडकी उघडायचा प्रयत्न केला' म्हणजे ती गंजलेली होती, उघडली की नाही देव जाणे. 'खिडकी उघडून पाहिली' म्हणजे उघडली, आणि मग बघितलं की वारा येतो का. इंग्रज पहिल्या ठिकाणी ट्राइड टू ओपन म्हणतो, दुसऱ्या ठिकाणी ट्राइड ओपनिंग. आपल्याकडे 'करून पाहणे', 'खाऊन बघणे', 'विचारून बघणे' यांच्यावाचून कुणाचा दिवस जात नाही. पंप चालू होईना, तर फ्यूज बदलून पाहा. म्हशीने दूध कमी केलं, तर पेंड बदलून पाहा. हे सगळं ट्राय चेंजिंग आहे. आणि कीप? कीप वॉकिंग म्हणजे चालत राहा, कीप ट्रायिंग म्हणजे करत राहा. पंढरीच्या वाटेवर चालत राहणाऱ्याला हे कुणी शिकवायचं?

आता मोठी गोम कुठे आहे ते सांगते. आपल्या पोरांना आयएनजीची ओळख होते ती चालू काळातून. 'आय ॲम गोइंग', 'शी इज ईटिंग'. जातोय, खातेय. हे इतकं डोक्यात बसवलं जातं की आयएनजी म्हणजे काहीतरी आत्ता चाललेलं आहे, असंच त्यांना कायमचं वाटत राहतं. मग 'आय एन्जॉय स्विमिंग' समोर आलं की पोर गडबडतं. आत्ता कुठे पोहतोय मी? आणि 'स्विमिंग इज गुड' म्हटलं की संपलंच. वाक्याच्या सुरुवातीलाच चालू काळ!

खरी गोष्ट अशी की इंग्रजीत हा आयएनजी मुळात क्रियेचं नाव सांगणाराच प्रत्यय. जुन्या इंग्रजीत क्रियेला नाव द्यायचं असलं की 'उंग' किंवा 'इंग' लावत. चाललेल्या क्रियेचं विशेषण करायला वेगळाच प्रत्यय होता, 'एंडे'. मधल्या काही शतकांत हे दोन्ही एकमेकांत मिसळले आणि आयएनजीच्या एका टोपीखाली जाऊन बसले. म्हणजे क्रियेचं नाव हा जुना मालक, आणि चालू काळवाला नंतर त्या घरात आला. आपण पोरांना भाडेकरू दाखवतो, मालकाची ओळखच करून देत नाही.

आणि तो मालक कोण? आपला 'णे'. करणे, जाणे, पोहणे. बोलताना पोहणं. मराठी व्याकरणात त्याला धातुसाधित नाम म्हणतात. मोल्सवर्थचा कोश उघडा (१८३१ साली आला, दुसरी आवृत्ती १८५७), क्रियापदं दिलीत ती याच रूपात. धातुसाधितं आपल्या मुलांना मराठीच्या तासाला शिकवतात. तिसऱ्या तासाला फळ्यावर 'धातुसाधित नाम' लिहिलेलं असतं, आणि चौथ्या तासाला इंग्रजीचे सर येऊन आधी तो फळा पुसतात. एकाच स्टाफरूममध्ये बसून एकाच डब्यातली चटणी खाणारी ही दोन माणसं, पण या विषयावर एकमेकांशी बोलल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

शाळेबाहेर मात्र हा आयएनजी सगळ्यांना बिनचूक येतो. खोटं वाटत असेल तर नगर-मनमाड रस्त्याने राहुरीपर्यंत या आणि दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचा. वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंग, टर्निंग, पावडर कोटिंग, सेंट्रिंग, वॉशिंग, ग्रीसिंग, बायंडिंग, स्क्रीन प्रिंटिंग. रस्ता सोडून वावरात शिरलात तर मल्चिंग, ड्रेंचिंग, ग्रेडिंग, पॅकिंग. डाळिंबवाला 'यंदा सेटिंग चांगली झाली' म्हणतो तेव्हा फळधारणा झालेली असते (कॉलेजातल्या पोरांची सेटिंग वेगळी). यातल्या एकालाही त्या शब्दात चालू काळ दिसत नाही. वेल्डिंग सुटलं, वायरिंग जळालं, मीटिंग लांबली. सगळ्यांनी त्याला लिंग दिलंय, विभक्ती लावलीय. 'वेल्डिंगच्या आधी घासून घ्या', 'पॅकिंगला बाया लागतील'. म्हणजे नामच की हे! आणि चालू काळ लागलाच तर गडी म्हणतो 'वेल्डिंग करतोय', करणं वेगळं आणि वेल्डिंग वेगळं. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या, दहावीला इंग्रजीत गटांगळ्या खाल्लेल्या पोराला इंग्रजीतला हा प्रकार नाम आहे हे पक्कं ठाऊक आहे. फक्त ते त्याला ठाऊक आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. (मध्येच एक: साखर कारखाने एवढे असून 'क्रशिंग'ने आपलं 'गाळप' काही अजून हटवलेलं नाही. बरं वाटतं.)

तर मग साधी युक्ती. मराठीत क्रियापदाआधी 'णं' सहज बसतंय का बघा. सिगारेट ओढणं सोडलं. भांडणं टाळलं. लिहिणं संपवलं. मुंबईला जाणं पुढे ढकललं. बसतंय? मग आयएनजी. गिव्ह अप स्मोकिंग, अव्हॉइड फायटिंग, फिनिश रायटिंग, पोस्टपोन गोइंग. आता 'जाणं ठरवलं' म्हणून बघा. नाही म्हणत कुणी. 'जायचं ठरवलं' म्हणतात. मग टू. डिसाइड टू गो.

आणि टूचा जोडीदार कोण, तर आपला 'ला'. यायला तयार झाला, पोहायला शिकली, यायला सांगितलं, जायला नकार दिला. अॅग्री टू, लर्न टू, आस्क टू, रिफ्यूज टू. हा योगायोग नाही. टू हा मुळात दिशा दाखवणारा शब्द, नगरला जा म्हणताना जो 'ला' लागतो तोच. गावाकडे जसं तोंड करतो तसं क्रियेकडे तोंड केलं की टू. क्रिया अजून पुढे आहे, आपण तिच्याकडे निघालोय. म्हणून वाँट, होप, प्लॅन ही सगळी टूच्या दारात. आणि जी क्रिया हातात आहे किंवा मागे पडली, जिची मजा घेतली, जी संपवली, कबूल केली, सोडली, ती आयएनजीच्या दारात. शंभर टक्के नाही हं. पण सेहेचाळीस क्रियापदांच्या यादीपेक्षा याने डोक्यात जास्त उजेड पडतो.

आता कुणीतरी शहाणा म्हणेलच, की 'मला पोहायला आवडतं' यात 'ला' आहे, म्हणून तर पोरं 'आय एन्जॉय टू स्विम' लिहितात, तुमच्या मराठीनेच घोटाळा केला. भाचीच्या निबंधात नेमकं हेच वाक्य होतं आणि त्यावर लाल फुली होती. पण घोटाळा मराठीने केलेला नाही, गाइडने केलाय. एन्जॉय म्हणजे आवडणे, हे कुणी सांगितलं? आवडणे म्हणजे लाइक, आणि लाइकला टूही चालतो, आयएनजीही चालतो. एन्जॉय म्हणजे मजा घेणे, मजा लुटणे. 'पोहण्याची मजा लुटते' म्हणा की लगेच 'णे' हजर! शब्दाचा अर्थ अर्धवट सांगायचा आणि चुकीचं खापर मातृभाषेवर फोडायचं, हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे.

बरं, 'जाण्याची इच्छा' यातही 'णे' आहे, मग वाँट गोइंग का नाही, असंही कुणी विचारेल. विचारावंच. इच्छा पुढची असते, हे वर सांगून झालंय. मुलं असे प्रश्न विचारायला लागली तर मला आनंदच होईल. यादी पाठ करणारं पोर असला प्रश्न कधी विचारत नाही. रकाना कुठला, एवढंच विचारतं.

आणखी एक जागा अशी आहे जिथे मराठी मुलाने चुकूच नये, आणि तिथेच सगळे चुकतात. बिफोर, आफ्टर, विदाउट, इन्स्टेड ऑफ, फॉर यांच्यामागून क्रियापद आलं की आयएनजी. आता मराठीत शब्दयोगी अव्यय जोडायचं असलं तर आपण नुसत्या धातूला जोडतो का? 'जाआधी' म्हणतो का? नाही. आधी त्या क्रियेचं नाम करतो आणि मग जोडतो. जाण्याआधी, जेवल्यावर, सांगितल्याशिवाय, रडण्याऐवजी, आल्याबद्दल. इंग्रजीत तोच कायदा आहे: शब्दयोगी लावायचंय ना, मग आधी नाम कर. फक्त ते शब्द आधी येतात, आपले नंतर चिकटतात. थँक यू फॉर कमिंग म्हणजे आल्याबद्दल धन्यवाद. लग्नाच्या मांडवात माइकवरून हेच शंभरदा ऐकतो आपण.

आता ज्यांचं इंग्रजी 'चांगलं' आहे, त्यांच्याकडे वळते. कारण चिडण्याचं अर्धं कारण ते आहेत.

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम नॉट नोइंग' असं कुणी बोललं की ही मंडळी एकमेकांकडे बघून हसतात. आमच्याच घरात हसतात. पुण्याहून सुट्टीला आलेली चुलत भावंडं गावाकडच्या भावंडांना हसतात, आणि त्यांचे आईबाप कौतुकाने बघत बसतात. निस्सीम इझिकेल यांनी तर असल्या इंग्रजीत अख्ख्या कविता लिहिल्या, त्यातल्या मिस पुष्पांच्या निरोपसमारंभाच्या कवितेवर कॉलेजात वर्गच्या वर्ग हसलेत. इझिकेल बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या समाजातले. ते आतून हसत होते असं म्हणता येईल. पण वर्गातल्यांना ते कळलं होतं का, याबद्दल मला शंका आहे.

आता ही चूक येते कुठून ते बघा. 'मला माहीत आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'तो तिथे राहतो आहे', 'मी जातो आहे'. सगळ्यांच्या शेपटीला 'आहे'. पोराला शिकवलेलं असतं की आहे म्हणजे ॲम, इज, आर, आणि क्रियापद असलं की त्यापुढे आयएनजी. तर्काने चाललेलं पोर आहे ते! त्याला एवढंच सांगायला हवं होतं की 'जातो आहे' मधला आहे वेगळा आणि 'माहीत आहे' मधला वेगळा. पहिल्यात काहीतरी घडतंय, दुसऱ्यात नुसतं आहे. मराठीत सांगितलं तर एका तासात होणारं काम. पण मराठीत सांगायचं नाही ना! आणि गंमत म्हणजे २००३ पासून एक परदेशी बर्गरवाली कंपनी जगभर 'आय ॲम लव्हिंग इट' म्हणत फिरतेय, लव्हला असा आयएनजी लावू नये हे व्याकरणाच्या पुस्तकात छापलेलं असताना. तिथे कुणी हसलं नाही. ती स्टाइल झाली. श्रीगोंद्याच्या पोराने 'आय ॲम लव्हिंग माय मदर' लिहिलं की तो गावंढळ.

या सगळ्यावर मला ऐकवलं जाणारं उत्तर ठरलेलं आहे. माझी बहीण ते फोनवर ऐकवेल, म्हणून आधीच लिहिते. 'ताई, भाषांतर करत बसलं तर बोलणार कधी? इंग्रजीतच विचार करायला शिकलं पाहिजे.' ऐकायला छान वाटतं. पण इंग्रजीत विचार करायला आधी इंग्रजी कानावर पडावं लागतं, ते कुठे पडतं? ज्या घरात बाप ऑफिसच्या कॉलवर इंग्रजी झाडतो, आई इंग्रजी गोष्टी वाचून दाखवते, तिथल्या पोराला एन्जॉयमागे आयएनजी लागतो हे कानच सांगतो. त्याला नियमही नको आणि यादीही नको. आता पाथर्डी-शेवगावकडचं एखादं पोर डोळ्यांपुढे आणा. आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर गेले, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत येणार. पोर एक तर पाचटात त्यांच्याबरोबर, नाहीतर गावात आजीपाशी. आजीला म्हणायचं का, की याच्याशी इंग्रजीत बोल म्हणून? या पोराच्या कानात इंग्रजी ओतणारं कुणी नाही. त्याच्याकडे जी शिडी आहे ती त्याची स्वतःची भाषा. 'इंग्रजीतच विचार करा' म्हणणारा माणूस ती शिडी काढून घेतो आणि वर उभा राहून म्हणतो, मार उडी.

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं आज तिशीत आहेत. दहा-दहा वर्षं इंग्रजीचा तास बसून ऐकलेली त्यातली कितीतरी मी ओळखते. सुप्याच्या एमआयडीसीत मुलाखतीला जाताना आजही त्यांच्या पोटात गोळा येतो. मग एसटी स्टँडसमोर तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासला पैसे भरतात, आणि तिथे पुन्हा काय मिळतं? दोन रकाने. झेरॉक्स केलेले.

आणि हे आपल्या जिल्ह्यात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. नेवासा आपल्याच जिल्ह्यातला. जे ज्ञान ज्यांना दुसऱ्या भाषेत पोचत नव्हतं ते त्यांना त्यांच्या भाषेत सांगायचं, हे काम तिथे १२९० साली होऊन गेलंय, जास्त काय बोलायचं. १८३१ मध्ये नगरला अमेरिकन मिशनरी आले, त्यांच्या मिशनचं नावच अमेरिकन मराठी मिशन. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू, त्याबद्दल ज्याचं त्याचं मत. पण परकी भाषा शिकायची तर आपल्या भाषेला धरूनच शिकावी लागते, हे त्या मंडळींनी मराठी शिकताना स्वतः अनुभवलं होतं. १८४२ मध्ये त्यांनी नगरहून 'ज्ञानोदय' काढलं. सिंथिया फरार बाई १८३९ पासून १८६२ मध्ये मरेपर्यंत नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. आणि ज्यांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं ते दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे नगरलाच डेप्युटी कलेक्टर होते. मराठीचे पाणिनी म्हणतात त्यांना. त्यांनी ज्या कचेरीत बसून काम केलं त्या गावाच्या आसपास आज मराठी बोलायला पाच रुपये पडतात.

तर्खडकर म्हटलं की जुन्या लोकांना आठवते ती भाषांतर पाठमाला. (ती दुसऱ्या तर्खडकरांची, दादोबांची नव्हे.) आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीचे मास्तर. त्यांनी आम्हा दोघी बहिणींना इंग्रजी शिकवलं ते त्या पाठमालेवरून, ओसरीवर बसून. एक मराठी वाक्य, एक इंग्रजी वाक्य, आणि मधे अण्णांचा एकच प्रश्न: 'आपण हे कसं म्हणतो?' उच्चार आमचे आजही गावठी आहेत, कबूल. पण स्टॉप टॉकिंग आणि स्टॉप टू टॉकमध्ये आम्ही दोघीही कधी अडखळलो नाही. म्हणून बहिणीला विचारते, की बाई, जे तुला फुकटात मिळालं तेच पोरीला देताना दंड का भरतेस? वाघिणीचं दूध पाजायचंय ना, पाज की. भांडं घरचंच घे.

इंग्रजी शिकवू नका असं मी कुठेच म्हटलेलं नाही, तेव्हा त्या अंगाने भांडायला येऊ नका. जितकं शिकवता त्याच्या दुप्पट शिकवा. फक्त इंग्रजीच्या तासाला पोराला एकदा विचारू द्या, की आपण हे कसं म्हणतो.

आणि जे बसत नाही ते बसत नाही म्हणून सांगा. 'पोहायला गेले' मध्ये 'ला' असून वेन्ट स्विमिंग होतं. 'दार लावायला हरकत नाही ना?' मध्येही 'ला' आहे, तरी माइंडला आयएनजीच. (उत्तर मात्र दोन्हीकडे 'नाही' असंच देऊन माणूस दार लावतो, ती एक सोय.) कन्सिडरमध्ये जाणं अजून पुढेच असतं आणि तरी गोइंग. सजेस्टचं तर मी बराच वेळ डोकं खाजवलं. 'जायचं सुचवलं' म्हणतो आपण, 'जाणं सुचवलं' कुणी म्हणत नाही, आणि इंग्रज खुशाल सजेस्टेड गोइंग म्हणतो. हे असे चार-पाच शब्द घोकावे लागतील. घोकू. चाराच्या जागी सेहेचाळीस का, एवढंच विचारतेय.